पेट्रोलवरचा हेज ट्रिमर: गार असताना चालतो, गरम झाला की बंद पडतो

वाडीवरचा (दापोली)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. रस्त्याच्या कडेने कोयनेलचं लांब कुंपण आहे आणि आत अंगणाभोवती दुरंता. पाऊस ओसरेपर्यंत कोयनेल पुरुषभर वाढतं आणि दिवाळीचे पाहुणे यायच्या आत ते सरळ करावंच लागतं. मेहुण्याने पुण्याला बिऱ्हाड हलवताना त्याचा हेज ट्रिमर मला दिला. दोन स्ट्रोकचा, २३ सीसीच्या आसपास, ६० सेंटिमीटरचं पातं, दोन्ही बाजूंनी दात. त्याच्याकडे दोन पावसाळे तो पडवीत टाकीतल्या पेट्रोलसकट पडून होता.

जुनं पेट्रोल काढून नवं ऑइल मिक्स भरलं, प्लग नवा घातला. सकाळी चोक लावून दोरी ओढली की बऱ्यापैकी सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटं काम होतं, मग रेस आपोआप पडायला लागते आणि मशीन बंद. त्यानंतर कितीही ओढा, दाद देत नाही. अर्ध्या तासाने परत सुरू. गावातला मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटर बदला. नवीन कार्ब्युरेटरची किंमत ऐकून आधी इथे विचारावं म्हटलं. कुणाला अनुभव?

बांधावरून (वाळवा)

आमच्या ग्रास कटरला अगदी हेच होतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

दादा, कार्ब्युरेटर बदलायची घाई नको. आणि कुणी सांगितलं तरी त्याच्या अंगावरच्या स्क्रूंना अजिबात हात लावू नका. माझ्याकडे पावसाळ्यानंतर जी मशिनं येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ दुखणं किरकोळ असतं, पण वाटेत कुणीतरी तिन्ही स्क्रू फिरवलेले असतात. मग मूळ दुखणं शोधायचं की नवं केलेलं, हेच कळत नाही.

गरम झाल्यावर बंद पडण्याची मोठी कारणं तीन, आणि ती ओळखायची वेळ एकच: मशीन बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं. गार झाल्यावर सगळं ठीकच दिसतं.

पहिलं, टाकीचं झाकण. मशीन बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि लगेच मशीन सुरू झालं, तर टाकीचा श्वास कोंडलाय. पेट्रोल जसं कमी होतं तशी बाहेरची हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार थोडी येऊन थांबते, तसंच इथे होतं. ही हवेची वाट काही मशिनांत झाकणातच असते, काहींत टाकीतून निघणाऱ्या छोट्या नळीच्या टोकाला असते.

दुसरं, ठिणगी. प्लग काढून टोपीत बसवा, प्लगचं लोखंड सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. गार असताना ठिणगी निळी कडक आणि गरम असताना पिवळी, मरतुकडी किंवा गायब, तर कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) गेली. कॉइलच्या आतली वायर तापल्यावर तुटते आणि गार झाल्यावर परत जुळते. हा दोष दुरुस्त होत नाही, कॉइलच बदलावी लागते.

तिसरं, प्रायमरचा फुगा, म्हणजे सुरू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतो तो. दाबून बघा. पारदर्शक परतीच्या नळीतून सलग पेट्रोल जातंय की बुडबुडे दिसतात?

या तीन गोष्टी बघून लिहा, मग पुढचं बोलू. आणि पात्याजवळ हात नेण्याआधी प्लगची टोपी काढलेली असू दे, दरवेळी.

सोसायटी माळीकाम (पुणे)

पानादादांशी सहमत. यात एक भर घालतो: सायलेन्सरची जाळी. आम्ही सोसायट्यांची कुंपणं कापतो, मशिनं रोज चालतात. मशीन आयडलला (रेस न देता) छान, पण गरम झाल्यावर भार पडला की दम टाकतं, असं असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी असते ती काढून बघा. ऑइल जास्त घातलेलं असलं की ती काजळीने भरते. गार झाल्यावर काढायची, पितळी ब्रशने साफ करायची. टाकून मात्र द्यायची नाही. ठिणग्या बाहेर जाऊ नयेत म्हणून ती असते आणि वाळक्या गवतात तिचं मोल कळतं.

कोकणात अजून एक: कुंभारीण माशी. मातीचं घरटं बांधणारी. साखरपा बाजूच्या एका बंगल्यावर काम घेतलं होतं, तिथलं मशीन अजिबात सुरू होत नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडात तिने मातीचं घरटं पक्कं केलं होतं. पडून राहिलेल्या मशिनचं प्रत्येक भोक आधी बघा.

वाडीवरचा (दापोली)

आज सकाळी करून बघितलं. बंद पडल्याबरोबर झाकण सैल केलं, आवाज आला, आणि दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. झाकण थोडं सैल ठेवून काम केलं तर वीसेक मिनिटं चाललं, मग परत तेच. ठिणगी गरम असतानाही निळी आहे. फुग्यात मात्र बुडबुडे दिसतात, आणि दाबून सोडल्यावर तो सावकाश फुगतो.

सायलेन्सर साफ आहे, जाळीवर थोडी काजळी होती ती काढली.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

छान, म्हणजे कॉइल वाचली. तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत आणि दोन्ही पेट्रोलच्या वाटेवर. श्वास कोंडलाय हे झाकणाने सांगितलं. बुडबुडे म्हणजे टाकीतून कार्ब्युरेटरला जाणारी नळी कुठेतरी चिरलीय, आणि पेट्रोलबरोबर हवा जातेय. फुगा सावकाश फुगतो म्हणजे टाकीतला फिल्टरही तुंबलेला असणार.

झाकण सैल ठेवून काम करू नका. तो ट्रिमर आडवा, तिरका, उलटा सगळा होतो, पेट्रोल गळून गरम सायलेन्सरवर पडलं तर आग लागेल.

नळीची चीर बहुतेक वेळा टाकीच्या भोकातून जिथे नळी आत शिरते तिथे असते, बाहेरून दिसत नाही. वाकवलेल्या तारेचा आकडा करून फिल्टर टाकीच्या तोंडातून बाहेर ओढा. नळी दोन बोटांत वाकवा. कडक झालेली असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसतील. काही वेळा उलट होतं, नळी फुगून लिबलिबीत होते. दोन्हीत बदलायची. फिल्टर बदलायचाच, धुवायच्या भानगडीत पडू नका.

आता पेट्रोल. हे जरा सविस्तर लिहितो, कारण धाग्यातली निम्मी मशिनं यातच अडकलेली असणार. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर गेलं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. हातात धरायच्या बऱ्याच मशिनांच्या पुस्तकात जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. जास्त इथेनॉलने तीन गोष्टी होतात.

त्यातला ऑक्सिजन वाढतो, म्हणजे त्याच सेटिंगवर मशीन थोडं लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं आणि जास्त तापतं. जुनं रबर, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले डायाफ्राम (पातळ पडदे) लवकर कडक होतात. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो. आपण घातलेलं टूटी (दोन स्ट्रोकचं) ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. फिल्टर कुठे पडलेला असतो? तळाला. म्हणजे सुरुवातीलाच इंजिन बिनतेलाचं पाणी पितं. पिस्टन ओरखडतो तो इथे, आणि दोष प्लगला दिला जातो.

म्हणून नियम साधा आहे. लागेल तेवढंच मिक्स करा, महिन्याच्या आत संपवा, उरलं तर टाकी रिकामी करा.

हिरवीगार (सातारा)

पानादादा, पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी बघता येतं का? माझी नर्सरी आहे, दोन कटर आणि एक हेज ट्रिमर आहे.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

ताई, येतं. प्रयोगशाळेतला असतो तसा खुणांचा उभा १०० मिलीचा काचेचा सिलिंडर घ्या. त्यात १० च्या खुणेपर्यंत पाणी, त्यावर १०० च्या खुणेपर्यंत साधं पेट्रोल. ऑइल घातलेलं पेट्रोल नको. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं शांत ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, त्यामुळे खालचा थर वाढलेला दिसतो. पेट्रोल ९० मिली होतं, त्यात २० टक्के इथेनॉल असेल तर खालचा थर साधारण २६ ते २८ च्या खुणेपर्यंत येतो. १० लाच राहिला तर इथेनॉल नाही. उघड्यावर करा, चूल, उदबत्ती काही जवळ नको.

असं पाण्याने धुतलेलं पेट्रोल मशिनमध्ये मात्र घालू नका. काहीजण घालतात. इथेनॉल जातं तसा ऑक्टेनही उतरतो, आणि पाण्याचा अंश मागे राहतो.

तात्या (चिपळूण)

लिटरला ऑइल किती घालता तुम्ही लोक? आमच्या लूना आणि चेतकच्या काळात पंपावरच टूटी ऑइल मिळायचं, आम्ही सढळ हाताने घालायचो. ऑइल जास्त तर इंजिन जास्त टिकतं, हे साधं गणित आहे. मी आजही ग्रास कटरला लिटरमागे ६० मिली घालतो.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

तात्या, लूना १९७२ मध्ये आली तेव्हाचं ऑइल आणि आत्ताचं ऑइल यांत फार फरक आहे. शिवाय लूनाचं इंजिन या कटरएवढ्या रेसवर सतत चालत नव्हतं. हेज ट्रिमर मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्या मारतो.

जास्त ऑइलने दोन तोटे होतात. एक सगळ्यांना दिसतो: काजळी, काळा ओला प्लग, तुंबलेली जाळी. दुसरा दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या भोकातून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणजे मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. इंजिन वाचवायला घातलेलं ऑइलच त्याला तापवतं.

आकडा मशिनच्या पुस्तकातला पाळायचा. बहुतेक चांगल्या मशिनांना चांगल्या ऑइलबरोबर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. काहींना ४० ला १, म्हणजे २५ मिली. साधं ऑइल असेल तर २५ ला १, म्हणजे ४० मिली लिहिलेलं असतं. डब्यावर जासो एफडी ही प्रत लिहिलेली बघून घ्या, ते कमी धुराचं आणि स्वच्छ जळणारं असतं. होडीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल किनाऱ्यावर सहज मिळतं, ते घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते बनवलेलं असतं, आपलं इंजिन हवेवर थंड होतं आणि बरंच जास्त तापतं.

मोजायला औषधाच्या दुकानातली सिरिंज वापरा. बाटलीच्या बुचाने अंदाज घेऊ नका, बुचं सारखी नसतात.

तात्या (चिपळूण)

लीन होण्याचा मुद्दा पटला. माझ्या कटरच्या पुस्तकात २५ ला १ आहे. ४० वर येतो.

न्यूजर्सीकर

इथे पेट्रोल पंपांवर साधारण १० टक्के इथेनॉल असतं, आणि बागेच्या मशिनांचा हाच घोळ इथेही आहे. हार्डवेअरच्या दुकानात इथेनॉल नसलेलं, ५० ला १ ऑइल आधीच मिसळलेलं डब्यातलं इंधन मिळतं. रोजच्या वापराला फार महाग पडतं. पण हंगामाचं शेवटचं काम त्यावर करून मशीन ठेवलं तर पुढच्या वसंतात पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतं. मी तेवढ्यासाठीच एक डबा आणतो.

हिरवीगार (सातारा)

माझा प्रश्न पात्यांचा आहे. ट्रिमर व्यवस्थित चालतो, पण मेंदी कापल्यावर पानांच्या कडा फाटल्यासारख्या होतात आणि चार दिवसांत सगळं कुंपण वरून तपकिरी दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, झाडं मरताहेत का. कारागीर म्हणतो पातं नवीन घ्या. धार लावता येत नाही का? इथला धारवाला म्हणतो मला हे जमणार नाही.

कानस (भोसरी)

ताई, मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, निवृत्त झाल्यावर आसपासच्या सोसायट्यांच्या ट्रिमरना धार लावून देतो. पातं नवीन घ्यायची गरज बहुधा नाही. पण धार बघण्याआधी दोन पात्यांमधली फट बघा. तुमचं लक्षण मला फटीचंच वाटतंय.

ट्रिमरला एकावर एक दोन पाती असतात, ती कात्रीसारखी एकमेकांवर सरकतात. त्यांना धरून ठेवणारे बोल्ट ढिले झाले की पाती एकमेकांपासून सुटतात, आणि फांदी कापली जायच्या ऐवजी दोन पात्यांमध्ये दुमडून फाटते. कितीही धार लावा, फट असेल तर फाटणारच. बोल्टाचा नट सैल करा, बोल्ट हलक्या हाताने पूर्ण आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या, आणि बोल्ट तसाच धरून नट पक्का करा. सगळ्या बोल्टांना असंच. नंतर पात्यांवर तेल सोडून पाच मिनिटं चालवा, मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, आणि बोल्टांच्या डोक्यांजवळ हात न टेकवता उष्णता बघा. कोमट असतील तर बरोबर. एखादा जास्त तापला असेल तर तो फार आवळलाय.

आता धार. आधी चीक काढा. कोयनेल, मेंदी, दुरंता, सगळ्यांचा रस पात्यावर वाळून लाखेसारखा बसतो. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर टर्पेंटाइन, ब्रश आणि चिंधी. चीक निघाल्यावर अनेकदा कळतं की धार इतकी वाईट नव्हतीच.

धार लावायला सपाट बारीक कानस. प्रत्येक दाताला कंपनीने दिलेला तिरका कोन असतो, तोच पकडायचा, आपला नवा करायचा नाही. फिकट होत गेलेली कड दिसत नसेल तर मार्करने काळी करा, कानस फिरली की कुठे लागतेय ते दिसतं. कानस फक्त पुढे ढकलायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखे हात द्या, नाहीतर एक दात लहान एक मोठा होतो. शेवटी दाताच्या खालच्या बाजूला उभी राहिलेली बारीक कड धार लावायच्या दगडाने सपाट घासून काढा. आणि पात्यांचा जो सपाट भाग एकमेकांवर घासतो, त्याला कानस कधीही लावू नका. तो घासला की फट कायमची.

हातात जाड चामडी मोजे हवेतच. ग्राइंडर नको, पातं निळं पडलं की कडकपणा गेला.

हिरवीगार (सातारा)

काका, बोल्टच ढिले होते! एक तर बोटाने फिरत होता. फोटो टाकलाय, कापलेल्या मेंदीच्या कडा आता बघा. धार रविवारी लावते. पात्यांच्या मुळाशी जो गिअर बॉक्स आहे त्याला ग्रीस किती घालायचं?

कानस (भोसरी)

फोटो बघितला, काम सुरेख झालंय. गिअर बॉक्सला साधारण वीस-पंचवीस तास कामामागे दोन-तीन पंप, पुस्तकात सांगितलेलं ग्रीस. भरभरून घालू नका. जास्त झालं तर सीलमधून क्लचच्या बाजूला जातं आणि मग क्लच घसरतो, रेस वाढते पण पातं हलत नाही. पात्यांवर मात्र पातळ तेल दर वेळी टाकी भरताना सोडा.

पेडण्याहून

माझा चार स्ट्रोकचा २५ सीसी ट्रिमर आहे. सुरू केल्यावर पांढरा धूर फार येतो, थोड्या वेळाने कमी होतो. यातही ऑइल मिक्सचाच प्रश्न असेल का?

सोसायटी माळीकाम (पुणे)

चार स्ट्रोकमध्ये सहसा पेट्रोलला ऑइल मिसळायचं नसतं, तुमच्या मशिनचं पुस्तक बघा. कुणी चुकून मिक्स भरलंय का, आधी ते बघा. पेट्रोल साधं असेल तर ऑइलची पातळी बघा. या इंजिनाला जेमतेम ८० मिली १०डब्ल्यू-३० ऑइल लागतं. लोक स्कूटरच्या अंदाजाने ओततात, मग जादा तेल सिलिंडरमध्ये जाऊन धूर येतो. मशीन सपाट ठेवून, झाकण काढून भोकाच्या काठाला पातळी आहे का बघा. आणि ठेवताना सपाट ठेवा. भिंतीला कसंही टेकवून ठेवलं की तेल नको तिथे झिरपतं आणि पहिल्या सुरुवातीला धूर होतो.

वाडीवरचा (दापोली)

मंडळी, खेडला जाऊन नळी आणि फिल्टर आणले. जुनी नळी टाकीच्या भोकाशीच चिरली होती, वाकवल्यावर तुटून हातात आली. श्वासाची छोटी नळी वेगळी होती, तिच्या टोकाची गाळणी तेल आणि पानांच्या भुशाने दगडासारखी गच्च झाली होती. तीही बदलली. मेहुण्याचं काढून ठेवलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून बघितलं, तळाला खरोखरच वेगळा थर दिसला.

आता ट्रिमर टाकी संपेपर्यंत चालतो. रस्त्याकडचं कोयनेल अर्ध्याहून जास्त झालं. एकच राहिलंय: रेस पूर्ण सोडली तरी पातं हळूहळू हलत राहतं. आयडलचा स्क्रू थोडा फिरवू का?

दहाबाराचा पाना (कुडाळ)

हलणारं पातं तसंच ठेवू नका, पाहुण्यांची मुलं आसपास असतात. कुंपण थांबवा, आधी हे करा.

आता स्क्रूला हात लावायची वेळ आली, कारण पेट्रोलची वाट स्वच्छ आहे. आधी एअर फिल्टर. फोम असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण सुकवून बसवा. कागदी असेल तर फक्त झटका, धुऊ नका. तुंबलेल्या फिल्टरवर केलेलं सेटिंग फिल्टर साफ केल्यावर चुकतं.

मशीन चांगलं तापू द्या. आयडलचा स्क्रू, ज्याच्याजवळ टी किंवा एलए लिहिलेलं असतं, तो डावीकडे थोडा थोडा फिरवा, पातं थांबेपर्यंत. पातं थांबलं आणि इंजिन चालू राहिलं तर काम झालं. पातं थांबायच्या आत इंजिनच बंद पडत असेल तर एल स्क्रू (कमी रेसचं मिश्रण ठरवणारा) बघावा लागतो. तो डावीकडे उजवीकडे हळू फिरवून जिथे आयडल सगळ्यात जास्त आणि स्थिर होतं ती जागा शोधायची, तिथून किंचित डावीकडे यायचं, मग परत आयडलचा स्क्रू. उजवीकडे म्हणजे लीन, डावीकडे म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), हे लक्षात असू द्या. फिरवण्याआधी मूळ जागेचा मोबाइलवर फोटो काढा.

एच स्क्रू मात्र तुम्ही सोडून द्या. पूर्ण रेसचं मिश्रण त्यावर ठरतं. उजवीकडे जास्त गेला तर मशीन छान सुसाट चालल्यासारखं वाटतं, आवाज कडक येतो, आणि एका दुपारी पिस्टन चिकटतो. तो टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) लावून पुस्तकातल्या फेऱ्यांवर लावायचा असतो.

आयडल अगदी शांत असूनही पातं हलत असेल, तर दोष कार्ब्युरेटरचा नाही, क्लचची स्प्रिंग तुटलीय किंवा ढिली झालीय. आणि रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरतेय: कार्ब्युरेटरची गॅस्केट, नाहीतर क्रँकचं सील. तसं असेल तर चालवू नका, माझ्याकडे किंवा जाणत्याकडे न्या.

रानवाट (संगमेश्वर)

यंत्राचं झालं, कुंपणाचंही सांगते. कापण्याआधी काठीने कुंपण हलकेच हलवून दोन मिनिटं लांब थांबा. पावसाळ्यानंतर आत गांधीलमाशांचं पोळं हमखास असतं, आणि ट्रिमरच्या आवाजात त्या उठल्या तर पळायलाही सुचत नाही. बुलबुलाचं घरटं दिसलं तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडा, कुंपणाला काही होत नाही.

कुंपणात कुठे शेर (पांढरा चीक येणारं झुडूप) लावलेला असेल तर त्यावर ट्रिमर चालवूच नका. त्याचा चीक पात्याने उडून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि थेट डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. चष्मा सगळ्याच कुंपणांना हवा, आणि कानाला पण काहीतरी लावा.

वाडीवरचा (दापोली)

पातं थांबलं. फक्त आयडलचा स्क्रू पुरला, एलला हात लावावा लागला नाही. आमच्या मागच्या गडग्याला शेर आहे, ते कोयत्यानेच करतो, चष्मा घालून. सगळ्यांचे मनापासून आभार.

पुढच्या पावसाळ्यात मशीन ठेवताना काय करावं? इथे जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

मेअखेर शेवटचं काम झालं की टाकी पूर्ण रिकामी करा. फुगा दाबून नळीतलंही पेट्रोल टाकीत आणा आणि तेही काढा. मग मशीन सुरू करून आयडलवर बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून भोकात चहाच्या चमच्यापेक्षाही कमी टूटी ऑइल सोडा, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढा, प्लग बसवा. दोरी हळू ओढून जिथे जड लागते तिथे सोडा, त्या जागी सिलिंडरची तोंडं झाकलेली राहतात आणि दमट हवा आत कमी जाते. पात्यांना तेलाचा हात द्या, म्यान घाला, आणि मशीन जमिनीवर न ठेवता माळ्यावर टांगा. सायलेन्सरचं तोंड कापडाने बांधा, कुंभारणीसाठी. सुरू करताना कापड आठवणीने काढायचं म्हणून त्याची एक पट्टी दोरीच्या मुठीलाही बांधून ठेवा.

बांधावरून (वाळवा)

आमच्या ग्रास कटरचीही नळीच निघाली, तीच जागा. पानादादा, घरात काय काय सुटं ठेवावं? हंगामात दुकानात काहीच मिळत नाही.

दहाबाराचा पाना (कुडाळ)

प्लग, टाकीतला फिल्टर, हातभर नळी आणि कार्ब्युरेटरचं डायाफ्राम किट. नळी घेताना आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास मोजून घ्या. टाकीच्या भोकात ती घट्ट बसली नाही तर तिथून पेट्रोल झिरपतं. किट घेताना मशिनच्या मॉडेलवर विसंबू नका, एकाच मॉडेलला वेगवेगळे कार्ब्युरेटर बसवलेले बघितलेत. कार्ब्युरेटरच्या अंगावर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.